शारजातून चिपळूणला पैसे पाठवताना

शारजाच्या औद्योगिक भागात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी २०१० पासून हिशेबाचं काम करते. कामगारांच्या पगाराची फाइल दर महिन्याला माझ्याच हातून जाते. इथे पगार वेज प्रोटेक्शन सिस्टिममधून, म्हणजे सरकारला दिसेल अशा पद्धतीने, बँकेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच द्यावा लागतो. पगार जमा झाला की त्याच संध्याकाळी माझ्या टेबलाशी दोघं-तिघं येऊन उभे राहतात. कुणी खेडचा, कुणी माणगावचा, कुणी सांगलीचा. प्रश्न ठरलेला: "ताई, आज पाठवू का थांबू? रेट वाढेल का?"

मी उलट विचारते, "पाठवतोस कुणाच्या खात्यात?"

या प्रश्नाला बहुतेकांकडे नीट उत्तर नसतं. भावाच्या खात्यात, काकांच्या, कधी गावातल्या दुकानदाराच्या. रेटमध्ये चार-पाचशे रुपयांचा फरक पडतो. पैसे चुकीच्या जागी उतरले तर दहा वर्षांची कमाई कुठे गेली ते सांगता येत नाही. म्हणून मी आधी खात्याचं सांगते आणि रेटचं नंतर.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला आणि केरळचा १९.७. इथल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या, काउंटरवर मल्याळी माणसाला त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगणारा भेटतो. आपल्या मुलांना तसं सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी अमिरातीत राहते, त्यामुळे उदाहरणं दिरहमची आहेत. कतार, ओमान, कुवेतमध्ये नावं आणि आकडे बदलतील, खात्यांचे भारतातले नियम तेच राहतील.

खातं

नोकरीसाठी देश सोडलात की भारतातलं तुमचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. मी सहा वर्षं हे केलं नव्हतं. कुणी सांगितलं नाही हे खरं, पण मीही कधी विचारलं नाही. एकदा सुट्टीत पासबुक भरायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी हातातला दिरहमचा कागद बघून विचारलं, "तुम्ही बाहेर असता का?" त्या दिवशी बसून दोन अर्ज भरले, एक जुनं खातं एनआरओ करण्याचा आणि एक नवीन एनआरई उघडण्याचा. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, इथला पत्ता, फोटो, एवढंच लागलं.

दोन्हींतला फरक असा. एनआरई खात्यात तुमची परदेशातली कमाई उतरते. त्यावरच्या व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही आणि तिथले पैसे, मुद्दल आणि व्याज दोन्ही, हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात. एनआरओ खातं भारतातल्या उत्पन्नासाठी असतं: घराचं भाडं, शेअरचा लाभांश, जुन्या नोकरीचे पैसे. त्याच्या व्याजातून ३० टक्के आणि वर उपकर धरून कर कापूनच रक्कम हातात येते. गावच्या खोलीचं भाडं एनआरओतच घ्या. आणि इथून पाठवलेली बचत एनआरओमध्ये टाकलीत तर व्याजावर विनाकारण कर कापला जातो. ही दुसरी चूक मी फार जणांची बघितली आहे.

माझे पैसे दर महिन्याला दोन वाटांनी जातात. घरखर्चाचे आईच्या स्वतःच्या बचत खात्यात आणि माझी बचत माझ्या एनआरईत. सुरुवातीला सगळंच आईकडे पाठवत होते आणि "त्यातले माझे बाजूला ठेव" म्हणत होते. आईने ते ठेवलेही. पण कुणाची मुंज, कुणाचं ऑपरेशन, कौलं बदलायची. माझे कुठले आणि घरचे कुठले हे चार वर्षांनी तिलाही सांगता येईना. तिला त्याचा त्रास व्हायला लागला. मी फोन केला की ती आधी हिशेबच सांगायची. दोन वाटा केल्यावर ते थांबलं आणि आम्ही पुन्हा इतर बोलायला लागलो.

आईचं खातं आईच्याच नावावर आणि तिच्याच फोन नंबरशी जोडलेलं असावं, यावर मी अडून बसते. भावाचा नंबर जोडला की मेसेज त्याला जातो आणि पैसे आले का हे आईला त्याला विचारावं लागतं. भाऊ कितीही चांगला असला तरी सत्तर वर्षांच्या बाईला स्वतःच्या पैशाबद्दल कुणाला विचारायला लागू नये.

एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचं नाव जोडता येतं, पण तुम्ही हयात असेपर्यंत खात्यावर हक्क तुमचाच राहतो. नॉमिनी मात्र नक्की लावा. इथल्या बँकेत खातेदार गेल्याचं कळलं की खातं गोठवतात आणि घरच्यांना कोर्टाच्या कागदांसाठी थांबावं लागतं. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम इथे साठवून ठेवू नये असं माझं मत आहे.

पावती वाचायला शिका

एक्स्चेंजच्या पावतीवर तीन आकडे महत्त्वाचे: रेट, फी आणि फीवरचा ५ टक्के व्हॅट. चौथा आकडा पावतीवर नसतो, तो म्हणजे बाजारातला खरा भाव. तो स्वतः काढायचा. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे डॉलरच्या रुपयातल्या भावाला ३.६७२५ ने भागलं की दिरहमचा भाव आला. डॉलर ९० रुपये असेल तर दिरहम साडेचोवीसच्या आसपास. काउंटरवरचा रेट याहून जेवढा कमी, तेवढा एक्स्चेंजचा नफा, मग फी घेवोत किंवा न घेवोत.

एका ठिकाणी समजा रेट २४.३० आहे आणि फी २० दिरहम, व्हॅट धरून २१. दुसऱ्या एका ॲपवर "फी शून्य" आणि रेट २३.९५. कोण स्वस्त? २,००० दिरहम पाठवलेत तर पहिल्याकडून घरी ४८,६०० रुपये पोचतात आणि तुमच्या खिशातून २,०२१ दिरहम जातात. दुसऱ्याकडून ४७,९०० पोचतात. सातशे रुपयांचा फरक आणि फी साधारण पाचशे दहा रुपयांची, म्हणजे फी घेणाराच परवडला. पण पाठवायचे फक्त ५०० दिरहम असतील तर रेटमधला फरक १७५ रुपयांवर येतो आणि पाचशे दहाची फी अंगावर पडते. तिथे फी शून्यवालाच बरा.

दर वेळी एवढं गणित नको असेल तर एकच भागाकार करा. घरी पोचणारे रुपये भागिले खिशातून गेलेले एकूण दिरहम. जिथे उत्तर मोठं येईल तिथून पाठवा. मी हे कंपनीतल्या एका प्लंबरला कागदावर करून दाखवलं होतं. तो कागद त्याने लॅमिनेट करून घेतला आणि पाकिटात ठेवतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. दर आठवड्याला ३०० दिरहम पाठवू नका. महिन्याला एकदाच पाठवा, फी एकदाच लागते. घरी महिनाभर पुरवून वापरणं जमत नसेल तर तो बोलून सोडवायचा प्रश्न आहे. त्यासाठी तीन जादा फी भरण्यात अर्थ नाही.

थेट बँकेतून बँकेत स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवलं तर मधली बँक आपले पैसे कापू शकते आणि भारतातली बँक रुपये करताना त्यावर थोडा जीएसटी लावते. मोठी रक्कम असेल आणि बँकेने भाव चांगला दिला तर ठीक. घरखर्चाला एक्स्चेंज किंवा त्यांचं ॲप पुरतं.

शनिवार-रविवारी भारतातला चलनबाजार बंद असतो. त्या दोन दिवसांत एक्स्चेंजवाले जरा हात राखून भाव देतात. पैसे पोचायला मात्र अडचण नसते, कारण एनईएफटी आणि आयएमपीएस सुट्टीच्या दिवशीही चालतात. घाई नसेल तर सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा.

आणि वाट बघण्याबद्दल. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला, दिरहम १८ च्या पुढे. शारजातल्या रोला भागातल्या एक्स्चेंजबाहेर रस्त्यापर्यंत रांगा होत्या. आमच्या ऑफिसातल्या एकाने क्रेडिट कार्डावर उचल करून ती रक्कम घरी पाठवली, रेटचा फायदा म्हणून. दोन महिन्यांत रुपया बराच सावरला आणि त्याच्या डोक्यावर कार्डाचं व्याज दीड वर्ष राहिलं. घरखर्चाचे पैसे ठरल्या तारखेला पाठवा. बचतीचे दोन आठवडे थांबवलेत तर हरकत नाही. उधारीचे कधीच पाठवू नका.

नाव, नंबर, आयएफएससी

पहिल्यांदा पाठवताना पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. फोनवर सांगितलेला नंबर लिहून घेऊ नका. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ लिहिलेलं मी कितीदा खोडून दिलं असेल.

जुनं पासबुक असेल तर कोड अजून तोच आहे ना, हे बँकेत विचारायला सांगा. बँकांची विलीनीकरणं झाली तसे कोड बदलले. ग्रामीण भागात खाती असणाऱ्यांनी जास्त जपावं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे.

नाव पासबुकावर जसं असेल तसंच टाका. आमच्याकडे आईच्या पासबुकावर वडिलांचं नाव पूर्ण होतं, आधारवर नुसतं आद्याक्षर. आपल्याला दोन्ही नावं एकाच बाईची, काउंटरवरच्या मुलाला नाही. ते जुळवून घ्यायला एक सुट्टी गेली. खात्यावर दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय करते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी तिने स्वतः थोडे काढावेत.

नवीन खात्यावर आधी १०० दिरहम पाठवा. पोचल्याचं आईच्या तोंडून ऐकल्यावर उरलेले. एक फी जादा जाते, जाऊ दे.

कारण विचारतात तिथे कुटुंबाचा खर्च असेल तर तेच लिहा, स्वतःच्या एनआरईत जाणार असेल तर बचत. पावतीचा फोटो काढून ठेवा. शाई सहा महिन्यांत उडते आणि घर बांधताना पैसा कुठून आला हे दाखवायला तोच कागद लागतो.

२२ जुलै २०२१

चिपळूणला महापूर आला तेव्हा वाशिष्ठीचं पाणी अख्ख्या बाजारपेठेत शिरलं. आमचं घर जरा चढावर, पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं. फोन दीड दिवस लागला नाही. लागला तेव्हा मी आधी विचारलं, कशी आहेस. मग म्हटलं, पैसे पाठवले आहेत, खात्यात जमा झालेत.

आई म्हणाली, "जमा झाले असतील गो, पण काढू कुठनं? बँकेत चिखल भरलाय."

ते मला सुचलंच नव्हतं. शाखा पाण्याखाली, एटीएम पाण्याखाली, वीज नाही, दुकानदाराचं क्यूआरचं यंत्र वाहून गेलेलं. खात्यात चाळीस हजार होते आणि आईकडे डब्यात सहाशे रुपये. प्यायचं पाणी, मेणबत्त्या, तिची रक्तदाबाची गोळी, सगळं रोखीनेच मिळत होतं, जिथे मिळत होतं तिथे. शेवटी गुहागरच्या मावसभावाच्या खात्यात वीस हजार टाकले. त्याने तिकडे काढले, मोटारसायकलवर निघाला आणि जिथे रस्ता बंद होता तिथून चालत घरी पोचला.

तेव्हापासून तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. घरी महिन्याच्या खर्चाइतकी रोख, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. आईचं दुसरं एक खातं वेगळ्या बँकेत, आधारला जोडलेलं, कारण शाखा बंद असली तरी पोस्टमनकडच्या यंत्रावर अंगठा लावून घरीच रोख मिळू शकते. आणि दुसऱ्या गावातल्या एका विश्वासू नातेवाइकाचं खातं माझ्या ॲपवर आधीच नोंदवलेलं. नवीन बेनिफिशियरी नोंदवायला वेळ लागतो आणि तुम्हाला घाई असते त्याच दिवशी ते अडतं.

रोख उचलण्याची सोयही असते. पैसे पाठवून मिळालेला नंबर घरी सांगायचा, ओळखपत्र दाखवून ते एजंटकडून घ्यायचे. भारतात या मार्गाने एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच रोख मिळते आणि एका माणसाला वर्षातून जास्तीत जास्त ३० वेळा असे पैसे घेता येतात. अडीअडचणीला बरी सोय आहे. रोजच्यासाठी खातंच बरं.

नातं कोणतं, ते करात मोजतात

आईवडील, नवरा-बायको, मुलं, सख्खे भाऊबहीण यांना पाठवलेल्या पैशावर त्यांना कर नाही, रक्कम कितीही असो. मावसभाऊ, चुलतभाऊ या यादीत बसत नाहीत. त्यांना वर्षभरात भेट म्हणून मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली तर सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. मावशीचं तर विचित्र आहे. मावशीने मला दिले तर मला कर नाही, कारण आईची बहीण माझ्यासाठी यादीत आहे. पण मी मावशीला दिले तर बहिणीची मुलगी तिच्या यादीत नाही. ज्या मावशीने मला बारावीपर्यंत डबा करून दिला तिला पैसे पाठवताना मी हा आकडा सांभाळते, म्हणजे तिला नोटीस यायला नको.

बायकोच्या नावावर पाठवलेल्या पैशातून मुदतठेव केलीत तर ते व्याज पाठवणाऱ्या नवऱ्याच्या उत्पन्नात मोजलं जातं. तीच बचत स्वतःच्या एनआरईत ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

शेतजमिनीबद्दलही सांगते, कारण कोकणातल्या प्रत्येकाच्या मनात एक कलमांची बाग असते. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेलं ठेवता येतं. घर, फ्लॅट घेता येतो. भावाच्या नावावर बाग घेऊन देण्याआधी ती भावाची होणार आहे हे मनाशी पक्कं करा.

घरपोच पैसे देणारा माणूस

कामगारांच्या कॅम्पमध्ये असा एक तरी असतो. फी नाही, रेट जादा, दोन तासांत घरी नोटा. याला हवाला म्हणतात आणि भारतात तो फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदेशीर आहे. कामगार मला म्हणतात, ताई, त्याने कधी बुडवलं नाही. नसेल. पण तो दारात आणून देतो त्या नोटा कुणाच्या, हे तुमच्या आईला माहीत नसतं आणि चौकशी आली तर दार तिचंच असतं. शिवाय कागद नाही. आमच्याकडच्या एका गवंड्याने अकरा वर्षं असे पाठवले. घराचं कर्ज घ्यायला गेला तेव्हा अकरा वर्षांची कमाई दाखवायला त्याच्याकडे एक ओळ नव्हती.

त्याऐवजी एनआरई किंवा एनआरओ खात्याला तुमचा इथलाच फोन नंबर जोडून यूपीआय वापरता येतं. २०२३ पासून अमिराती, ओमान, कतार, सौदी धरून दहा देशांच्या नंबरांना ही परवानगी मिळाली. महावितरणचं बिल आणि आईच्या औषधांच्या दुकानाचं बिल मी आता इथूनच भरते. त्यासाठी आईकडे पाठवायची रक्कम कमी झाली, तिच्या फेऱ्याही.

पैसे पोचले नाहीत तर घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. पावतीवरचा नंबर घेऊन एक्स्चेंजकडून यूटीआर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा नंबर, मागा. तो आईच्या बँकेत दाखवला की पैसे कुठे अडकलेत ते कळतं. नंबर किंवा नाव चुकलं असेल तर रक्कम बहुतेकदा परत येते, काही दिवस लागतात. ओटीपी मात्र या सगळ्यात कुणालाही द्यायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. हे मी आईच्या फोनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून चिकटवलं आहे.

आमची खूण साधी आहे. जमा झाल्याचा मेसेज आला की आई मला मिस्ड कॉल देते, एकच रिंग. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिंग आली नाही, तर मी पावती घेऊन एक्स्चेंजमध्ये जाते.